वाचक विचारतात: स्तनाचा एमआरआय कुणी करावा, कधी करावा?

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. आईला ४१व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. तिच्यात सापडलेला बीआरसीए-१ जनुकातला दोष माझ्यातही आहे. मॅमोग्राफी नॉर्मल आली, तरी डॉक्टर दरवर्षी एमआरआय करायला सांगतात. तो का आणि कसा करतात? – एक वाचक, सातारा

उत्तर : डॉक्टरांचं म्हणणं योग्य आहे, टाळाटाळ करू नका. तरुण वयात स्तनातल्या ग्रंथी दाट असतात. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, त्या पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच, त्यामुळे ती लपून राहते. एमआरआय मात्र रक्तपुरवठा बघतो. वाढणारी गाठ नव्या रक्तवाहिन्या तयार करते आणि त्या कच्च्या, झिरपणाऱ्या असतात. शिरेतून दिलेलं गॅडोलिनियमचं औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, तिथे पहिल्या एक-दोन मिनिटांतच साठतं आणि गाठ उजळते. म्हणून पैसे वाचवायला कॉन्ट्रास्ट गाळू नका. सिलिकॉन इम्प्लांट फाटलंय का एवढंच बघायचं असेल, तर गोष्ट वेगळी.

तारीख ठरवताना पाळीचा पहिला दिवस मोजून ७ ते १४ या दिवसांतली वेळ घ्या. इतर दिवसांत संप्रेरकांमुळे निरोगी भागही उजळतो आणि रिपोर्टमध्ये विनाकारण शंका उमटतात. अपॉइंटमेंट देताना हे बऱ्याचदा कुणी विचारत नाही, म्हणून तुम्हीच सांगा.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट न्या. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट किंवा गरोदरपणाची शक्यता असेल, तर आधीच सांगा. मंगळसूत्र, बांगड्या, केसांतल्या पिना, पदराची सेफ्टी पिन, सगळं काढावं लागतं. जोडवी घट्ट बसली असतील तर आदल्या रात्री साबण लावून काढून ठेवा.

टेबलावर पालथं झोपवतात. कॉइलच्या, म्हणजे चित्रासाठी सिग्नल टिपणाऱ्या साच्याच्या, दोन पोकळ्यांत स्तन मोकळे सोडतात. कॉन्ट्रास्टचं प्रमाण किलोमागे ०.१ मिलिमोल, म्हणजे नेहमीच्या द्रावणाचे ६० किलो वजनाला १२ मिलिलिटर. त्यामागून सलाइन सोडतात. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास लागतो. या वेळात हलू नका. कॉन्ट्रास्टनंतरच्या चित्रातून आधीचं चित्र वजा करूनच गाठ शोधतात. मध्ये जोराचा खोकला आला तरी दोन्ही चित्रं एकमेकांवर बसत नाहीत आणि कडेला खोटी चमक दिसते.

तिशीनंतर बीआरसीए दोष असलेल्यांना एमआरआयसोबत दरवर्षी मॅमोग्राफीही लागते. एक केली म्हणून दुसरी सोडू नका.

प्रश्न : वय ४६, घरात कुणाला कर्करोग नाही. मॅमोग्राफीऐवजी थेट एमआरआय केला तर? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. चुन्याचे बारीक कण हे सुरुवातीच्या कर्करोगाचं एक लक्षण, आणि ते मॅमोग्राफीतच नीट दिसतात. शिवाय एमआरआयमध्ये निरुपद्रवी गाठीही उजळतात. नेदरलँड्समधल्या ‘डेन्स’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. अतिशय दाट स्तनांच्या, ५० ते ७५ वयाच्या स्त्रियांना जादा एमआरआय देऊ केल्यावर दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणारे कर्करोग हजारी ५ वरून २.५ वर आले. पण एमआरआय केलेल्या हजारातल्या सुमारे ८० जणींना कर्करोग नसतानाही पुढच्या तपासण्यांना बोलवावं लागलं. जोखीम जास्त असेल तेव्हा हा त्रास सोसण्याजोगा असतो. तुमच्यासाठी मॅमोग्राफी आणि प्रशिक्षित हातांनी केलेली तपासणी हाच आधी करायचा मार्ग. हाताने केलेल्या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाखांवर स्त्रियांचा २० वर्षं अभ्यास केला. दर दोन वर्षांनी अशी तपासणी झालेल्या गटात, पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळले.

प्रश्न : बहिणीला डाव्या स्तनात कर्करोग आहे. ऑपरेशनआधीच्या एमआरआयमध्ये त्याच स्तनात आणखी ६ मिलिमीटरचा ठिपका दिसला, ‘बायरॅड्स ४’ लिहिलंय. आता पूर्ण स्तन काढावा लागेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : त्या ठिपक्याची बायोप्सी झाल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका. बायरॅड्स म्हणजे रिपोर्टमध्ये कर्करोगाचा संशय किती, हे सांगणारा आकडा. ‘४’ म्हणजे संशय. कर्करोग सिद्ध झालेला ‘६’. एमआरआय समोर ठेवून रेडिओलॉजिस्टकडून तेवढ्या भागाची सोनोग्राफी पुन्हा करून घ्या. ठिपका दिसला तर तिथूनच सुईने तुकडा घेता येतो. दिसला नाही तर एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली बायोप्सी करावी लागेल. ही सोय मोजक्या केंद्रांत आहे, त्यामुळे आधी फोन करून विचारा. सोबत नुसत्या फिल्म नेऊ नका, सगळी चित्रं असलेली सीडी न्या. ठिपका किती वेगाने उजळला आणि ओसरला, हे रेडिओलॉजिस्टला त्यातूनच तपासता येतं.