लॅब्रेडॉरला गच्ची पुरत नाही

तुमचा लॅब आठ महिन्यांचा आहे, संध्याकाळी अर्धा तास गच्चीवर सोडता आणि तरी तो रात्री चपला, सोफा कुरतडतो, असं तुम्ही लिहिलंय. तो वाईट वळणाचा नाही हो, त्याची ताकद खर्चच होत नाहीये. गच्चीवर एकटं सोडलेलं कुत्रं दोन फेऱ्या मारतं आणि दारापाशी येऊन बसतं. त्याला तुम्ही सोबत हवे असता.

सकाळी साडेसहाच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, प्रत्येकी तीस-चाळीस मिनिटं पट्टा लावून चालवा. मुख्य म्हणजे त्याला वास घेऊ द्या! एकाच झाडापाशी तो दोन मिनिटं रेंगाळला तर ओढू नका. नाकाने केलेलं कामही त्याला दमवतं. आमची लॅब अकरा वर्षांची आहे, आजही तिची अर्धी फेरी हुंगण्यातच जाते.

मात्र स्कूटरमागे पळवणं, जिने चढवणं-उतरवणं, उंच उड्या हे आत्ता नको. या जातीत खुब्याच्या सांध्याचा त्रास बराच आढळतो आणि त्याची हाडं अजून वाढताहेत.

एप्रिल-मेमध्ये निघण्यापूर्वी तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून पाहा. चटका बसला तर त्याचे पंजेही भाजणार. धापा फार वाढल्या, लाळ चिकट झाली किंवा तो लडखडला तर लगेच सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि थेट डॉक्टरांकडे जा.

पावसाळ्यात बाहेर पडता आलं नाही, तर रोजचं खाणं घरभर लपवून शोधायला लावा.