पिल्लू की मुळातच बुटका? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : अकेनासुकस नावाच्या ट्रायासिक काळातल्या एका चिलखती प्राण्याबद्दल वाचत होतो. एका ठिकाणी लिहिलंय की ते डेस्मॅटोसुकसचं पिल्लू, दुसरीकडे म्हणे ती वेगळीच जात आहे. मग खरं काय धरायचं? आणि नुसत्या पाठीवरच्या तुकड्यांवरून हे लोक ठरवतात तरी कसं?

उत्तर : वेगळी जात धरा. पण पिल्लू म्हणणारे काही वेडे नव्हते, त्यांच्या जागी आपण असतो तर कदाचित आपणही तेच म्हणालो असतो.

झालं असं, की अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात चिनली फॉर्मेशन म्हणून ट्रायासिकच्या शेवटच्या भागातले, साधारण 22 कोटी वर्षांच्या आसपासचे खडक आहेत, तिथे हाडाच्या छोट्या छोट्या प्लेटा सापडल्या आणि त्यावरून 1995 साली रॉबर्ट लाँग आणि फिलिप मरी यांनी अकेनासुकस जेफ्रीआय हे नाव दिलं. हातात काय होतं तर फक्त प्लेटा. ना कवटी, ना पाय. त्याच खडकांत डेस्मॅटोसुकसही सापडतो, तो चांगला चारेक मीटर लांब, खांद्यांवर शिंगांसारखे काटे, एटोसॉर नावाच्या चिलखती गटातला. आता छोट्या काटेरी प्लेटा आणि मोठ्या काटेरी प्लेटा एकाच भागात मिळाल्या तर छोटीवाली मोठीची पोरं असतील असं वाटणारच ना? काही जण तर म्हणत होते की हा एटोसॉरच नाही. म्हणजे एका प्राण्याबद्दल तीन मतं, आणि तिन्ही त्याच तुकड्यांवर!

हा गुंता 2020 मध्ये सुटला, नवीन हाडांचं वर्णन आलं तेव्हा. कवटीचे तुकडे, मणके, हातापायांची हाडं, पोटाकडच्या प्लेटा. पण थांबा, सुटं पडलेलं कवटीचं हाड त्याच प्राण्याचं कशावरून? मला स्वतःला हा सगळ्यात भारी भाग वाटतो. अकेनासुकसच्या प्लेटांवर कंगोरे आणि खाचा यांची एकमेकांत गुंतलेली जाळी असते, आणि अगदी तीच जाळी त्या नवीन हाडांवरही होती. एकाच ठशातून काढल्यासारखी.

राहिला वयाचा प्रश्न, तो बाहेरून बघून सुटत नाही, हाड कापावं लागतं. प्लेटेचा अगदी पातळ काप काढायचा, इतका पातळ की त्यातून उजेड आरपार जाईल, आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. भराभर वाढणाऱ्या पिल्लाच्या हाडात रक्तवाहिन्यांची दाटी असते, वाढ मंदावत गेली की वाढीच्या रेषा बाहेरच्या कडेला एकमेकींच्या जवळ येतात, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखंच समजा (तंतोतंत तसं नाही, कारण हाडाच्या आतल्या रेषा नंतर झिजून पुसल्या जातात, म्हणून मोजलेलं वय हे कमीत कमी वय). तर अकेनासुकसच्या बाबतीत कौल पिल्लाच्या विरोधात गेला. तो मुळातच बुटका प्राणी होता.

आणि नातं? अमेरिकेच्या पूर्वेला व्हर्जिनियात सापडलेला युस्कोलोसुकस हा त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक निघाला, आणि दोघं मिळून एटोसॉरांच्या कुटुंबाच्या अगदी उंबरठ्यावर, पण बाहेर. म्हणजे असं चिलखत फक्त खऱ्या एटोसॉरांचंच असं आता म्हणता येत नाही, आणि नुसती प्लेट बघून कुणाला एटोसॉर म्हणायचं हे जरा जपूनच करावं लागणार.

प्रश्न : मग हे डायनासोर नाहीत का? अंगावर चिलखत तर अँकिलोसॉरसारखंच दिसतं.

उत्तर : नाहीत. ही मंडळी मगरींच्या बाजूची, आणि अँकिलोसॉर आले ते ट्रायासिक संपल्यानंतर बऱ्याच काळाने. पाठीवर हाडाच्या प्लेटा येणं हे सरपटणाऱ्या प्राण्यांत वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या घराण्यांत झालंय, त्यामुळे चिलखतावरून नातं जोडायला गेलं की फसायला होतं. घोट्याचं हाड जास्त भरवशाचं.

दातांचीही तीच गत आहे. अकेनासुकसचा भाऊबंद म्हणता येईल असा रेव्हुएल्टोसॉरस, त्याला 1989 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या दातांवरून नाव दिलं गेलं आणि चक्क शाकाहारी डायनासोर ठरवलं गेलं, पानासारखे दात होते म्हणून. पुढे अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्कमध्ये त्याचे सांगाडे मिळाले, 2005 मध्ये त्यावर पेपर आला, आणि बघतात तर काय, घोटा मगरीसारखा आणि पाठीवर प्लेटा. डायनासोरपद गेलं ते गेलंच, वर उत्तर अमेरिकेतल्या ट्रायासिक खडकांतले असे नुसत्या दातांवरून ठरवलेले बाकीचे डायनासोरही तेव्हापासून संशयितांच्या यादीत आहेत.