मुलीला युगांडातल्या शाळेसाठी संस्था काढायची आहे, यात करिअर होईल का?

प्रश्न : माझे यजमान युगांडात जिंजाजवळच्या एका साखर कारखान्यात नोकरीला आहेत. मुलगी कोल्हापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत तिकडे राहून आली आणि आता म्हणते, बँकेच्या परीक्षा नकोत, तिथल्या खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणासाठी छोटी संस्था काढणार. अमेरिकेतला माझा भाऊ पैसे द्यायला तयार आहे. नातेवाईक याला खूळ म्हणतात. काय करावं? — एक आई, कराड

उत्तर : ताई, हे खूळ नाही. पण संस्था ही तिची पहिली पायरी नसावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

युगांडात प्राथमिक शाळेची फी 1997 मध्येच माफ झाली, माध्यमिकसाठी 2007 पासून तशी योजना आली. तरी मुलं गळतात, कारण गणवेश, वह्या आणि दुपारचं जेवण पालकांच्याच माथी असतं. आपल्याकडच्या खिचडीसारखी सोय तिथे सगळीकडे नाही. त्यात कोविडमुळे मार्च 2020 ते जानेवारी 2022 शाळा जवळजवळ बंदच होत्या. आणि जिंजा ज्या बुसोगा भागात येतं, तो उसाचा पट्टा. तिथे शाळेतली मुलं तोडीला जातात. हे चित्र तुम्हाला कराडमध्ये बसून समजावून सांगायला नको. बीडकडून कोयता घेऊन येणाऱ्या टोळ्यांबरोबर त्यांची लेकरंही येतात, त्यांच्यासाठी साखरशाळा काढाव्या लागल्या.

म्हणून मुलीला माझा पहिला सल्ला हा : येत्या गळीत हंगामात एखाद्या साखरशाळेत किंवा बीड जिल्ह्यातल्या हंगामी वसतिगृहात काम कर. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, थांब. मूल वर्गात का येत नाही आणि आलं तरी का शिकत नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांतला फरक तिथे कळेल.

हा फरक न कळल्यामुळे चांगल्या मनाने केलेली मदतही वाया जाते. शेजारच्या केनियात, बुसियाच्या परिसरात, 1990 च्या दशकात काही शाळांना पाठ्यपुस्तकं फुकट दिली गेली. पुढे 2019 मध्ये ज्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते मायकेल क्रेमर आणि त्यांचे सहकारी निकाल तपासायला बसले, तर सरासरी गुण वाढलेच नव्हते. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही तिथल्या बहुतेक मुलांची तिसरी भाषा. त्याच भागात शाळांतून जंताच्या गोळ्या दिल्या, तेव्हा मात्र क्रेमर आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने कमी झालेली दिसली. मामाच्या पैशातून वह्या-पुस्तकांचे गठ्ठे पाठवण्याआधी तिने एवढं जरूर वाचावं.

मुलांना खरंच वाचता येतं का, हे घरोघरी जाऊन तपासण्याची पद्धत तर आपल्याकडूनच तिकडे गेली आहे. मुंबईत सुरू झालेली ‘प्रथम’ ही संस्था 2005 पासून ‘असर’ अहवाल काढते. त्याच धर्तीवर 2009 मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडात ‘उवेझो’ सुरू झालं. हे कौशल्य इथे शिकलं तर तिथे उपयोगी पडतं, आणि करिअर आहे ते यात. पदवीनंतर ‘टीच फॉर इंडिया’ची दोन वर्षांची फेलोशिप किंवा अझीम प्रेमजी विद्यापीठातलं शिक्षणशास्त्राचं एम.ए. हे चांगले रस्ते आहेत. तिचं बी.कॉम. वाया जाणार नाही. जमाखर्च नीट ठेवणारी आणि वर्गही समजणारी व्यक्ती सामाजिक संस्थांना सहजी मिळत नाही. सुरुवातीला पगार बँकेएवढा नसेल, हे मात्र घरात आधीच बोलून घ्या. आणि छोट्या संस्थेतून स्वतःचा पगार काढू नये. देणगीचा मोठा वाटा त्यातच जातो. पोटापाण्याची नोकरी वेगळी ठेवावी.

कायद्याचं थोडक्यात. इथे धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था नोंदवता येते, पण तिने परदेशात केलेल्या खर्चावर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या खास मंजुरीशिवाय करसवलत मिळत नाही. मामांनी भारताचं नागरिकत्व सोडलं असेल, तर त्यांचे डॉलर त्या संस्थेत घ्यायला परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि ती नव्या संस्थेला लगेच मिळत नाही. म्हणजे अमेरिकेतला पैसा युगांडाला पोचवण्यासाठी भारतातून फिरवण्यात काहीच अर्थ नाही. युगांडात 2016 च्या कायद्यानुसार संस्थेला नोंदणी लागते, शिवाय ज्या जिल्ह्यात काम करायचं तिथल्या प्रशासनाची संमती आणि लेखी करारही लागतो. त्यामुळे पुढे संस्था काढायचीच झाली तर ती तिथल्या माणसांची असू द्या, विश्वस्त म्हणून तिथली लुसोगा भाषा बोलणारे शिक्षक आणि पालक असू द्या. वडिलांची नोकरी संपून ते परत आले, तरी शाळा तिथेच राहणार आहे.

आत्ता एकच काम करा. यजमानांना त्या खेड्यातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटायला सांगा. तिथे वर्षाची तीन सत्रं असतात. कुठल्या सत्रात, कुठल्या इयत्तेतली किती मुलं गैरहजर असतात, मुली किती, आणि त्यांच्या मते कारण काय, एवढंच विचारू द्या. पैशांचा विषय पहिल्या भेटीत काढू नये. हे आकडे हाती आले की मुलीलाच मला पत्र लिहायला सांगा. मग मामांचा पैसा जेवणाला लावायचा, वाचनवर्गाला की आणखी कशाला, ते तिच्याशी बोलता येईल.