दक्षिण आफ्रिकेतून गाडीने नामिबियात शिकारीला जाताना स्वतःची रायफल सोबत नेता येते का? सीमेवर अडवतात का?

नेता येते, आणि कागद नीट असतील तर कोणी अडवत नाही. तुमचा बेत असा दिसतो: पुण्याहून आजोबांची .३१५ रायफल घेऊन विमानाने जोहान्सबर्ग, तिथून मित्राच्या गाडीने दक्षिण नामिबियातलं शिकारीचं फार्म, आणि त्याच वाटेने परत. मी जोहान्सबर्गला राहतो आणि हिवाळ्यात इथल्या मित्रांबरोबर याच रस्त्याने जातो. तुमचा सगळा प्रश्न नामिबियात शिरण्याबद्दल आहे. माणसं अडकतात ती परतताना, दक्षिण आफ्रिकेत दुसऱ्यांदा शिरताना.

जोहान्सबर्गच्या विमानतळावर पोलीस तुमची रायफल तपासून तात्पुरता आयात परवाना देतात. त्यासाठीचा अर्ज म्हणजे तिथल्या पोलीस खात्याचा एसएपीएस ५२०. तो काळ्या शाईने भरायचा आणि विमानतळावर देणार असाल तर सही घरी करायची नाही, अधिकाऱ्यासमोरच करायची. सोबत पासपोर्ट, परतीचं तिकीट, फार्मचं निमंत्रणपत्र आणि भारतातला परवाना. तुमचा परवाना मराठीत असेल तर इंग्रजीत प्रमाणित भाषांतर करून घ्या. विमानतळावर मिळणारा तात्पुरता परवाना साधारणपणे एकदा आत येऊन एकदा बाहेर जाण्यापुरता असतो. तुम्ही नामिबियात गेलात की तो संपला. आठवड्याने परत नाक्यावर आलात की तुमच्या हातात रायफल आहे, खिशात उद्याच्या विमानाचं तिकीट आहे आणि या देशात ती रायफल आणायची परवानगी नाही. म्हणून एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा परवाना हवा असं अर्जात स्पष्ट लिहा आणि तो अर्ज बऱ्याच आधी प्रिटोरियाच्या केंद्रीय शस्त्र नोंदणी कार्यालयाकडे पाठवा. तुमचा स्वतःचा व्हिसाही मल्टिपल एन्ट्रीचाच घ्या. रायफलच्या नादात ही गोष्ट विसरली जाते.

आता रस्ता. मोबाईलवरचा नकाशा तुम्हाला बोत्स्वानातून, ट्रान्स-कलहारी महामार्गाने जायला सांगेल, कारण विंडहुकला तो जवळचा पडतो. त्याच्या नादी लागू नका. नुसतं पार जायचं असलं तरी बंदुकीसाठी बोत्स्वानाची वेगळी परवानगी आधी काढावी लागते, आणि दोनऐवजी तीन देशांचे कागद जुळवत बसावं लागतं. एन१४ महामार्गाने अपिंग्टन, तिथून एन१० ने नाकोपचा नाका, पलीकडे नामिबियातलं आरियामस्फ्लेई. हा नाका २४ तास उघडा असतो. (केपटाऊनकडून येणारे एन७ ने फिऊल्सड्रिफला ऑरेंज नदी ओलांडतात, तोही रात्रंदिवस चालू असतो.) तरी दिवसाच पोचा. रात्री रस्त्यावर कुडू (हरणासारखा मोठा प्राणी) येतात, आणि कुडूची धडक म्हणजे गाडीही गेली आणि कदाचित माणूसही.

नाक्यावर घाई चालत नाही. अलीकडे पोलीस, कस्टम, इमिग्रेशन आणि पलीकडे पुन्हा तेच सगळं. बंदूक आहे हे विचारायची वाट न बघता आधीच सांगायचं. अधिकारी पेटी उघडायला लावतो, रायफल उचलतो आणि नंबर शोधतो. जुन्या रायफलींवर हा नंबर तेलात आणि मळात बुजलेला असतो, कधी दुर्बिणीच्या बैठकीखाली अर्धा झाकलेला. अधिकारी तो अंगठ्याने घासून एकेक अक्षर परवान्याशी ताडून बघतो. शून्य आणि ओ यांची अदलाबदल असली तरी तुम्ही बाजूला उभे. म्हणून निघण्यापूर्वी घरीच रायफल साफ करा, नंबर भिंगाखाली वाचा, त्याचा फोटो काढा आणि परवान्यावरच्या नोंदीशी जुळवा. चूक असेल तर ती पुण्यातच दुरुस्त होईल, नाकोपला नाही.

प्रवासात रायफल रिकामी, बोल्ट काढलेला, कुलूपबंद टणक पेटीत. काडतुसं वेगळी, तीही कुलपात. दक्षिण आफ्रिकेत एका बंदुकीमागे २०० काडतुसांची मर्यादा आहे, पण विमानात ५ किलोच नेता येतात. पेट्रोल पंपावर सगळ्यांनी एकदम उतरून खायला जायचं नाही, एकाने गाडीतच थांबायचं. मित्राची रायफल "मी नेतो पुढे" म्हणून तुमच्याजवळ ठेवू नका. इथल्या कायद्यात परवाना ज्याचा त्याच्या देखरेखीखालीच दुसऱ्याने ती वापरायची. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर तर नकोच, नामिबियात शिकारीसाठी ते आणताच येत नाही.

गाडीचं थोडक्यात: मित्राची गाडी बँकेच्या कर्जावर असेल तर बँकेचं पत्र, भाड्याची असेल तर कंपनीचं सीमापार नेण्याचं पत्र. नामिबियात शिरताना रस्त्याचा कर भरावा लागतो, त्याची पावती जपून ठेवा.

एवढं सगळं सांगूनही माझं मत वेगळं आहे. आजोबांची रायफल घरी ठेवा आणि फार्मवरची भाड्याने घ्या. .३१५ ची काडतुसं भारताबाहेर सहजी मिळत नाहीत. तुमची काडतुसांची पेटी विमानात हरवली तर पुढे रायफल असून नसल्यासारखी. शिवाय नामिबियात काडतुसाची किमान ऊर्जा कायद्याने ठरवलेली आहे: स्प्रिंगबॉक या लहान हरणासाठी १३५० ज्यूल, कुडू आणि ओरिक्स या मोठ्या प्राण्यांसाठी २७००, रानम्हशीसाठी ५४००. तुमचं काडतूस यात कुठे बसतं हे फार्मला आधी विचारावं लागेल. जखमी होऊन झुडपात निघून गेलेला कुडू दिवसभर माग काढूनही सापडत नाही, तेव्हा ज्याला गोळी लागली त्याचे हाल कोण बघतो? पुरेशा ताकदीची, तिथे रोज वापरात असलेली रायफल घेतली तर ही वेळ कमी येते. आणि मग सीमेवर तुमच्याकडे दाखवायला फक्त पासपोर्ट, व्हिसा आणि गाडीचे कागद उरतात.

तरीही आजोबांचीच न्यायची असेल, तर ते मी समजू शकतो. मग भारतातून ती बाहेर नेणं आणि परत आणणं हे दोन्ही १९५९ च्या शस्त्र कायद्यात येतं हे लक्षात ठेवा. जाताना भारतीय कस्टमकडून तिची नोंद करून घ्या आणि विमान जिथे बदलणार तिथली परवानगी विमान कंपनीकडून लेखी मागा. शिकारीचा परवाना फार्मवाले तुमच्या नावाने आधी काढतात, त्याची प्रत निघण्यापूर्वी मागवा. परतताना गाडीत मांस, बिल्टाँग (सुकवलेलं मांस), कच्चं कातडं किंवा शिंगं ठेवू नका. त्यांना पशुवैद्यकीय परवाना लागतो, ते काम फार्ममार्फत टॅक्सीडर्मिस्टवर (कातडं-शिंगं टिकवून तयार करणाऱ्यावर) सोपवा.