वाचकांचे प्रश्न : बदल अंगावर येतो तेव्हा कोणते पुस्तक उघडावे?

नोकरी, घर, गाव किंवा नातेसंबंध बदलत असताना काय वाचावे, असे विचारणारी पत्रे या महिन्यात बरीच आली. त्यांतल्या पाच प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

चाकणजवळ सुट्या भागांच्या कंपनीत मी २२ वर्षे सुपरवायझर आहे. लाइनवर रोबो येणार आणि आमच्यातल्या काहींना दुसऱ्या विभागात हलवणार. एचआरने सगळ्यांना 'हू मूव्ह्ड माय चीज?' वाटले. वाचून मला रागच आला. माझे काही चुकते आहे का?

चुकत नाही. स्पेन्सर जॉन्सन यांचे हे छोटेखानी पुस्तक १९९८ सालचे. भुलभुलैयात दोन उंदीर आणि दोन चिमुकली माणसे असतात. एके दिवशी चीज संपते. उंदीर लगेच दुसरीकडे धावतात. माणसांपैकी एक जण रुसून तिथेच बसतो, तर दुसरा उशिरा का होईना, नव्या चीजच्या शोधात निघतो. जुन्या जागी ताटकळत बसू नये, एवढी एक गोष्ट हे पुस्तक चांगली सांगते. पण भुलभुलैया बांधला कोणी, चीज हलवले कोणी आणि का, हे विचारायला त्यात जागाच नाही. स्वतःहून काही नवे करू पाहणाऱ्याला ते बळ देते. ज्याच्यावर बदल लादला गेला आहे त्याला मात्र ते डिवचते, कारण अडचण परिस्थितीत नसून तुमच्या वृत्तीत आहे असा सूर त्यातून निघतो. बार्बरा एरनराइक यांनी २००९ मध्ये 'ब्राइट-सायडेड' या पुस्तकात नोकरकपातीच्या काळात सकारात्मकतेचे असे डोस पाजण्यावर सडकून टीका केली आहे.

तुमच्या परिस्थितीत विल्यम ब्रिजेस जास्त कामाला येतील. 'ट्रान्झिशन्स' हे त्यांचे पुस्तक १९८० चे. बाहेरचा बदल एका तारखेला होतो, पण माणूस आतून बदलायला बराच वेळ घेतो, हे त्यांचे मूळ म्हणणे. या आतल्या प्रवासाचे ते तीन टप्पे सांगतात : आधी जुने संपणे, मग मधला अधांतरी काळ आणि शेवटी नवी सुरुवात. घोटाळा बहुतेक वेळा पहिल्या टप्प्यावर होतो. वरिष्ठांना बदलाची कुणकुण काही महिने आधी लागलेली असते, त्यामुळे त्यांचा जुन्याचा निरोप घेऊन झालेला असतो. कामगाराला बातमी आज कळते आणि त्याने उद्यापासून उत्साह दाखवावा अशी अपेक्षा असते. 'मॅनेजिंग ट्रान्झिशन्स' (१९९१) हे ब्रिजेस यांचे पुढचे पुस्तक खास कामाच्या ठिकाणांसाठी आहे. तुमच्या एचआरने वाटायला हवे होते ते हे.

वाचताना वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात या बदलामुळे माझे नक्की काय जाते ते लिहा : पाळीभत्ता, हाताखालची माणसे, मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखण्याचे कसब, 'लाइन माझी आहे' ही भावना. दुसऱ्यात काय शिल्लक राहते ते लिहा, तिसऱ्यात काय अजून ठरलेलेच नाही ते. तिसरा रकाना सगळ्यांत लांब झाला तर दचकू नका. अधांतरी काळात तसेच होते. त्या रकान्यातून ब्रिजेस यांचे चार प्रश्न तयार होतात. हा बदल कशासाठी आहे? तो झाल्यावर शॉप फ्लोअर कसा दिसेल? कोणत्या तारखेला काय होणार? आणि त्यात माझे काम कोणते? हे प्रश्न तुमच्या गटाने मिळून लेखी विचारा. प्रशिक्षण किती दिवसांचे, त्या काळातला पगार किती आणि नव्या विभागात सेवेची सलगता राहते का, ही उत्तरे चौथ्या प्रश्नात येतात. ती तोंडी घेऊ नका.

याच्या जोडीला मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचे 'कथा मुंबईच्या गिरणगावची' मिळवा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. गिरणगाव म्हणजे मुंबईतली गिरणी कामगारांची वस्ती. तिथल्या माणसांच्या मुलाखतींतून हा इतिहास उभा राहतो. एक उद्योग मोडताना खानावळी, भजनी मंडळे, खोलीतले गाववाले, घरातल्या बायकांची कमाई या सगळ्याचे काय होते, हे ते दाखवते. तुमचा राग तुमच्या एकट्याचा नाही हे यातून जसे कळते, तसे ते चीजच्या गोष्टीतून कळणे शक्य नाही.

वडील गेल्या वर्षी गेले. आई ७२ वर्षांची आहे, नाशिकला एकटी राहते. 'दुःखाच्या पाच अवस्था' असलेले पुस्तक तिला द्यावे असे बहीण म्हणते. आई अजून 'स्वीकारा'पर्यंत आलेली नाही म्हणून तिला काळजी वाटते.

ते पुस्तक आईला देऊ नका, आणि बहिणीची काळजीही दूर करा. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांचे 'ऑन डेथ अँड डाइंग' १९६९ मध्ये आले, ते असाध्य आजाराने स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी केलेल्या संवादांवरून. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या अवस्था त्या रुग्णांच्या होत्या. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. पायऱ्यांसारख्या त्या क्रमाने याव्यात असा काही नियम नाही. आई आज हसून बोलली आणि उद्या वडिलांचा चष्मा हातात घेऊन बसली, तर ती 'मागे' गेली असे मुळीच नाही. बहिणीला वाचायचेच असेल तर ब्रिजेस यांचे 'द वे ऑफ ट्रान्झिशन' (२००१) वाचू द्या. पत्नीच्या आजारपणात आणि मृत्यूनंतर स्वतःचाच सिद्धांत त्यांना किती अपुरा वाटला, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे.

आईसाठी आम्ही दोन मराठी पुस्तके सुचवू. पहिले रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०). त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले, त्यानंतरचे हे लेखन आहे. गेलेल्या माणसाविषयी भरभरून बोलायची मुभा त्यातून मिळते, आणि पहिल्या वर्ष-दोन वर्षांत हवी असते ती हीच मुभा. दुसरे लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. नवऱ्याने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईचे सगळे जगच उलटेपालटे झाले. आधी ती वेगळी राहते, वेगळा स्वयंपाक करते, मग एकेक बंधन तिच्याच विचाराने गळून पडते आणि पाचेक वर्षांनी ती स्वतः धर्मांतर करते. माणूस किती सावकाश बदलतो, आणि सावकाश बदलला तरी किती पक्का बदलतो, हे सांगणारे याहून चांगले मराठी पुस्तक आम्हाला माहीत नाही.

'स्मृतिचित्रे' घेताना एक पथ्य पाळा. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये वारल्या, त्यामुळे पुस्तकावर आता स्वामित्वहक्क नाही आणि बाजारात संक्षिप्त आवृत्त्याही आहेत. संपूर्ण आवृत्तीच मागा. अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली मिळाली तर उत्तम. आईला बारीक टाइप वाचवत नसेल तर रोज संध्याकाळी फोनवर तुम्ही दहा-बारा पाने मोठ्याने वाचून दाखवा, वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. मध्येच आई स्वतःची आठवण सांगू लागली तर पुस्तक मिटा. आईची झोप, भूक किंवा अंघोळीसारखे रोजचे व्यवहार बिघडलेले असतील तर मात्र पुस्तकावर न थांबता डॉक्टरांना दाखवा.

मार्चमध्ये निवृत्त होतो आहे. निवृत्तीनंतरच्या पैशांवरची चार मराठी पुस्तके रद्दीच्या दुकानात स्वस्तात मिळाली. ती वापरू का?

सवयींविषयीचा भाग वापरा, आकडे वापरू नका. पुस्तक किती जुने आहे हे छपाईच्या सालावरून कळत नाही, कारण 'पुनर्मुद्रण' म्हणजे जुनाच मजकूर नव्याने छापलेला असतो. 'सुधारित आवृत्ती' हे शब्द शोधा. तरी शंका उरली तर मजकुरातच खुणा सापडतात. बँक ठेवींवरील विमा १ लाख लिहिला असेल तर तो मजकूर ४ फेब्रुवारी २०२० पूर्वीचा. तेव्हापासून ही मर्यादा ५ लाख आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा १५ लाख दिसली तर तो एप्रिल २०२३ पूर्वीचा. आता ती ३० लाख आहे. डेट फंडाच्या (रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या) नव्या खरेदीवर इंडेक्सेशनचा (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याचा) फायदा सांगितला असेल तर तोही एप्रिल २०२३ पूर्वीचा समजा. शेअरवरील दीर्घकालीन नफ्यावर १० टक्के कर लिहिला असेल तर तो २३ जुलै २०२४ पूर्वीचा. त्या तारखेपासून १.२५ लाखांवरच्या नफ्याला १२.५ टक्के लागतो. यांतली एक जरी खूण जुनी निघाली तरी करांविषयीची सगळी प्रकरणे बाजूला ठेवा.

मृत्युपत्राचे प्रकरण मात्र जुन्या पुस्तकातही बहुधा चालते. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात आणि नोंदणी ऐच्छिक आहे, या गोष्टी बदललेल्या नाहीत.

मुलगा लग्न न करता मैत्रिणीबरोबर पुण्यात राहतो. मला ते पटत नाही, पण नाते तोडायचे नाही. मन शांत ठेवण्याविषयी बरेच वाचते. वाचताना पटते, चार दिवसांनी पुन्हा चिडचिड सुरू. (सांगली)

पटणे आणि सराव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला सरावाचे पुस्तक हवे आहे. त्रास घटनेपेक्षा तिच्याविषयीच्या आपल्या विचारामुळे होतो, असे मानणारी विवेकनिष्ठ पद्धत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली. तिच्यावर मराठीत कि. मो. फडके यांनी लिहिले आहे, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांचे 'स्वभाव-विभाव'ही याच पद्धतीवर आहे. सुरुवात नाडकर्णींपासून करा, ते वाचायला सोपे आहे.

रोज एकच प्रसंग लिहा. 'अ'मध्ये घटना : जावेने विचारले, 'लग्न कधी?' 'क'मध्ये तुम्हाला काय झाले : संताप, रात्रभर जागरण. मग 'ब'कडे या, म्हणजे मधला विचार : 'लोकांनी नावे ठेवता कामा नयेत, ठेवली तर मला सहन होणार नाही.' बहुतेक जण येथे चुकतात आणि 'ब'मध्ये पुन्हा घटनाच लिहितात ('जाऊ खवचट आहे'). 'ब'मध्ये तुमचा हट्ट दिसला पाहिजे. तो सापडला की त्यालाच प्रश्न विचारा : असे कुठे लिहून ठेवले आहे? आजवर नावे ठेवली गेली तेव्हा मी सहन केले नाही का? शेवटी तीच गोष्ट इच्छा म्हणून लिहा : 'मुलाने लग्न करावे असे मला फार वाटते, पण त्याने तसे केलेच पाहिजे असे नाही.' तुमचे मत यात बदलावे लागत नाही. लग्नसंस्थेवर तुमची श्रद्धा असेल तर ती खुशाल राहू द्या. दोन-तीन आठवडे लिहूनही काही फरक वाटला नाही तर वही घेऊन समुपदेशकाकडे जा. ती वही पाहून त्यांना तुमची अडचण पटकन कळेल.

यवतमाळ जिल्ह्यात आमचे छोटे ग्रामीण वाचनालय आहे. बदलत्या गावावर चार पुस्तके घ्यायची आहेत आणि त्यांवर चर्चा ठेवायची आहे. कोणती घ्यावीत?

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' (१९१५), विश्वास पाटील यांची 'झाडाझडती', सदानंद देशमुख यांची 'बारोमास' आणि नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३). पहिल्यात जुनी व्यवस्था तपशिलात मिळते, दुसऱ्यात धरणाने उठवलेली गावे, तिसऱ्यात शिकूनही नोकरी न मिळालेला आणि शेतीत अडकलेला तरुण. चौथ्यात गावकीचे काम नाकारून मुंबईला गेलेला बाप आहे. 'बारोमास' तुमच्या भागात सगळ्यांत जवळची वाटेल, म्हणून तिच्या दोन प्रती घ्या.

चर्चा दहा-बारा जणांची आणि दीड तासाची ठेवा. सगळे वाचून येतील असे धरून चालू नका. त्याच गृहीतकावर असे उपक्रम दुसऱ्या महिन्यात बंद पडतात. निवडलेली आठ-दहा पाने बैठकीतच पाळीपाळीने मोठ्याने वाचा आणि मग बोला. 'गावगाडा'च्या वेळी फळ्यावर बारा बलुतेदारांची नावे लिहा. प्रत्येकापुढे विचारा : आज गावात हे काम कोण करते, मोबदला धान्यात की पैशात, आणि मूळ घराण्यातले लोक आता काय करतात? सुताराच्या जागी फॅब्रिकेशनवाला येईल, मडक्यांच्या जागी प्लास्टिकची पिंपे येतील, काही ओळींपुढे 'कोणीच नाही' लिहावे लागेल. आत्र्यांनी भटक्या जमातींविषयी लिहिलेला भाग कठोर आणि पूर्वग्रहदूषित आहे. तो वाचण्याआधी तसे स्पष्ट सांगा, आणि त्या समाजातले कोणी बैठकीत असेल तर पहिले बोलणे त्यांचे होऊ द्या.