उतारवयातला वर्ड्‌स्वर्थ आणि चित्रकला

प्रश्न : महाविद्यालयात आम्ही वर्ड्‌स्वर्थ निसर्गकवी म्हणून शिकलो. अलीकडे त्याच्या समग्र कविता वाचताना उत्तरार्धात चित्रांवरच्या कविता वारंवार आढळल्या. मात्र १८४६ च्या एका सुनीतात तो सचित्र पुस्तकांवर आणि वर्तमानपत्रांवर रागावलेला दिसतो. हा विरोध कसा समजून घ्यावा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण उल्लेखिलेले सुनीत लिहिले गेले तेव्हा ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे सचित्र साप्ताहिक सुरू होऊन चार वर्षे झाली होती. भाषा हे माणसाचे सर्वश्रेष्ठ लेणे असताना छापील शब्दाला मुक्या चित्राची चाकरी करावी लागावी, हे वर्ड्‌स्वर्थला प्रौढपणातून पुन्हा बाल्यात जाण्यासारखे वाटले. कविता म्हणून हे सुनीत मला रुक्ष वाटते; पण त्यातली भीती जुनी आहे. डोळा हे आपल्या इंद्रियांपैकी सर्वांत जुलमी इंद्रिय आहे, असे त्याने ‘प्रेल्यूड’ या आत्मचरित्रात्मक दीर्घकाव्यात तरुणपणीच म्हटले होते. ज्या चित्रांवर त्याने प्रेम केले, ती मात्र नजरेला नुसती गुंतवणारी नव्हती. ती त्याला काळाविषयी विचार करायला लावणारी होती.

याची सुरुवात सर जॉर्ज बोमंट या चित्रकार मित्राच्या पील कॅसलच्या चित्रापासून होते. या किल्ल्याजवळ वर्ड्‌स्वर्थ पूर्वी चार आठवडे राहिला होता आणि तेव्हा समुद्र आरशासारखा शांत होता. पुढे फेब्रुवारी १८०५ मध्ये त्याचा भाऊ जॉन, जो जहाजाचा कप्तान होता, जहाजासह बुडाला. बोमंटच्या चित्रात समुद्र खवळलेला आहे. आपण तेव्हा चित्रकार असतो तर जमिनीवर किंवा समुद्रावर कधीच नसलेला प्रकाश त्यात मिसळला असता, असे कवी म्हणतो आणि आता ते वादळच खरे मानतो. १८११ च्या सुनीतात बोमंटच्याच दुसऱ्या एका चित्रातला ढग आणि धूर जागीच थांबले आहेत, याचे त्याला अप्रूप आहे. १८३४ च्या एका कवितेत स्पेनमधला वृद्ध संन्यासी मठाच्या भोजनगृहातील ‘लास्ट सपर’च्या (येशू आणि त्याच्या शिष्यांच्या अखेरच्या भोजनाच्या) चित्राकडे पाहून म्हणतो की, माझे सोबती एकेक करून गेले, ही माणसे मात्र तशीच बसून आहेत, खरी तीच, आपण सावल्या.

तरीही या विषयावरचे त्याचे सर्वांत हृद्य लेखन, माझ्या मते, १८४० मधली दोन सुनीते होत. मार्गारेट गिलीज हिने त्याच्या पत्नीचे, मेरीचे, व्यक्तिचित्र रंगवले. मेरी तेव्हा सत्तरीच्या घरात होती. पहिल्या सुनीतात कवी चित्रकर्तीला सांगतो की, साम्याची स्तुती सगळे करोत, माझ्यासाठी हे श्रम व्यर्थ आहेत. कारण मी स्मृतीच्या नित्याच्या उजेडात तिचे न मंदावलेले डोळेच पाहतो. येथे स्मृती चित्राला सरळ नाकारते. दुसऱ्या सुनीतात मात्र तो कबूल करतो की, आधी हे चित्र पाहून आपण चकित झालो होतो, पण इतका वेळ त्याकडे पाहत राहिल्यावर त्यातले सत्य आता मनापासून पटते. आपण ही दोन्ही सुनीते याच क्रमाने, एकाच बैठकीत वाचावीत. वयाच्या सत्तराव्या वर्षी तो पत्नीचा म्हातारा चेहरा पाहायला शिकत होता.