देव सर्वत्र आहे, तर ख्रिस्ती लोकांना मध्यस्थ कशाला लागतो?

देव अंतर्यामी असेल तर त्याच्याशी थेट बोलावं, मध्ये येशू कशाला, आणि मध्यस्थ हवाच तर तो एकच का, असं तुम्ही विचारलं आहे.

मध्यस्थ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वशिला येतो: साहेब भेटत नाहीत, म्हणून आधी कुणाला तरी गाठायचं. ख्रिस्ती शिकवणीतला मध्यस्थ तसा नाही. तिथे देव लांब बसलाय ही अडचण नाहीच. बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात (५९:२) म्हटलंय की माणसाच्या अधर्मामुळे त्याच्यात आणि देवात आडपडदा आला. म्हणजे नातं बिघडलंय, आणि ज्याच्यामुळे बिघडलं त्याला ते स्वतःच्या बळावर जोडता येत नाही. निरोप पोचवणारा इथे कामाचा नाही, समेट घडवणारा हवा.

जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागात, हे काम कसं चालायचं ते लेवीय या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात बारकाईने दिलंय. माझ्या मते हा विषय समजून घ्यायचा तर सुरुवात तिथूनच करावी. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी महायाजक स्नान करून साधी तागाची वस्त्रं घालायचा. आधी गोऱ्हा अर्पायचा, तो स्वतःच्या आणि आपल्या घराण्याच्या पापांसाठी. जळते निखारे आणि दोन मुठी धूप घेऊन पडद्याआडच्या परमपवित्र जागेत जायचा, कारण धुराने दयासन (तिथल्या कराराच्या कोशाचं झाकण) झाकलं नाही तर तो मरेल, असं बजावलेलं होतं. मग बोटाने रक्त शिंपडायचं, दयासनासमोर सात वेळा. लोकांसाठी दोन बकरे असत. चिठ्ठ्या टाकून एकाचा बळी द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून लोकांची पापं कबूल करायची आणि त्याला रानात सोडायचं. महायाजक आत असताना दर्शनमंडपात, म्हणजे उपासनेच्या तंबूत, दुसरं कुणीही थांबायचं नाही.

या व्यवस्थेत कमी काय पडत होतं, ते नव्या करारातलं इब्री लोकांस लिहिलेलं पत्र स्पष्ट सांगतं. मध्यस्थ स्वतःच पापी, म्हणून पहिला बळी त्याच्यासाठी. तो मरतो, म्हणून दर पिढीला नवा लागतो. आणि विधी दरवर्षी करावा लागतो, याचाच अर्थ काम पुरं होत नाही. बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पाप जात नाही (१०:४).

म्हणून दोन्ही बाजूंचा असेल असा कुणीतरी हवा. जुन्या करारातल्या दुःख भोगणाऱ्या ईयोबाची देवाबद्दलची तक्रार नेमकी हीच आहे: आम्हा दोघांवर हात ठेवील असा कुणी नाही (९:३३). ११ व्या शतकाच्या अखेरीस अॅन्सेल्म या धर्मपंडिताने हा मुद्दा तर्काने मांडला: पापाची भरपाई माणसाने करायला हवी, पण ती करण्याची ताकद फक्त देवात आहे, तेव्हा करणारा देवही हवा आणि माणूसही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत मात्र भर भरपाईवर कमी आणि मृत्यूच्या तावडीतून सोडवून माणसाला देवाच्या जीवनात सामील करण्यावर जास्त आहे. चौथ्या शतकातल्या एरियस या धर्मगुरूने ख्रिस्ताला सर्वांत श्रेष्ठ, पण निर्माण केलेला ठरवलं, म्हणजे ना पुरता देव, ना आपल्यासारखा माणूस. ३२५ च्या नायसिया इथल्या बिशपांच्या परिषदेने ते नाकारलं. ४५१ मध्ये कॅल्सेडॉनच्या परिषदेत ठरलं: पूर्ण देव, पूर्ण मानव, व्यक्ती एकच. 'एकच मध्यस्थ' (१ तीमथ्य २:५) यामागचं कारण हेच. या जागेवर बसू शकेल असा दुसरा कुणी नाही.

एक गैरसमज तर उपदेशांतूनही पसरतो: पिता रागावलेला, पुत्र दयाळू, आणि पुत्राने पित्याची समजूत काढली. हे चुकीचं आहे. मध्यस्थ माणसांनी निवडून वर पाठवलेला नाही, देवाने स्वतः पाठवलेला आहे. ख्रिस्ताच्या ठायी देव स्वतःच जगाचा आपल्याशी समेट करत होता, असं पौल लिहितो (२ करिंथ ५:१९).

त्यामुळे थेट प्रार्थना चालते, किंबहुना तीच अपेक्षित आहे. इब्री ४:१६ तर धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ या असं सांगतं. प्रार्थनेच्या शेवटी 'येशूच्या नावाने मागतो' म्हणतात तो काही मंत्र नाही. मी माझ्या पुण्याईवर नाही, त्याच्या आधारावर आलोय, एवढंच त्यात सांगायचं असतं.

उरला प्रश्न येशूची आई मरिया आणि संतांचा, कारण कॅथलिक लोक आपल्यासाठी प्रार्थना करा अशी त्यांना विनंती करतात. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये संतांना विनंती करणं योग्य ठरवलं. त्याच चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये, मरियेच्या भूमिकेमुळे ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीत भरही पडत नाही आणि उणेपणही येत नाही, असं स्पष्ट केलं. प्रोटेस्टंट मंडळ्यांना हे पटत नाही, आणि त्या तीमथ्याचं तेच वचन पुढे करतात. गंमत म्हणजे त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात सगळ्या माणसांसाठी विनंत्या करा असं सांगितलंय. एकमेकांसाठी प्रार्थना करण्यावर दोन्हीकडे वाद नाहीच. वाद आहे तो मरून प्रभूकडे गेलेल्यांना तशी विनंती करावी की नाही, यावर.